बोल्टवरचा नंबर आणि लाकडातला स्क्रू

परवा कंपनीत एका नवीन पोराला गो-नोगो गेज शिकवत होतो. प्लग गेजचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये, बास, एवढंच असतं ते. पण हे पोरगं नोगोचं टोक अडकलं की अंगठ्याने दाबून बघायचं, जातंय का ते. मी म्हटलं बाबा, गेज दाबायचं नसतं, स्वतःच्या वजनाने जेवढं जाईल तेवढंच खरं. आणि हे बोलता बोलता मला एकदम आमच्या एनसीसी कॅम्पमधले उस्ताद आठवले.

कॉलेजात असताना दहा दिवसांचा कॅम्प होता. ड्रिलसाठी आम्हाला थ्री नॉट थ्री रायफली मिळायच्या, डीपी म्हणजे ड्रिल पर्पज, चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेला, भोक पाडून निकामी केलेल्या. निकामी असल्या तरी वजन पूर्ण चार किलोच्या आसपास, अर्धा तास बगल शस्त्र करून उभं राहिलं की खांदा बोलायला लागायचा. संध्याकाळी सफाई. बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा, मागे ओढायचा, त्याचं डोकं वर उचकटायचं, की अख्खा बोल्ट हातात येतो. मग पुलथ्रूला, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीला, तेलाची चिंदी लावून नळीतून ओढायची. त्या दिवशी गप्पांच्या नादात मी आणि शेजारच्याने बोल्ट अदलाबदल करून घातले. बसले की दोन्ही मस्त, खटकन. पण उस्तादांनी रायफल हातात घेतली, बोल्टच्या दांड्याच्या मागे अंगठा फिरवला, मग बॉडीवर फिरवला आणि म्हणाले, "देवळाबाहेर दुसऱ्याची चप्पल घालून आलायस व्हय रं?"

दोन्हीकडे नंबर ठोकलेला असतो आणि तो जुळलाच पाहिजे. मला तेव्हा वाटलं ही फौजेतली शिस्त, बादलीला पण नंबर असतो तसा हा. पुढे डिप्लोमा झाला, टूलरूममध्ये चिकटलो, मायक्रोमीटर हातात आला, आणि मग कधीतरी डोक्यात किडा वळवळला की अरे, बंदुका तर म्हणे जगातली पहिली अशी वस्तू जिचे पार्ट एकमेकांना चालायला लागले, आमच्या अख्ख्या ऑटो इंडस्ट्रीचा पाया तिथे आहे असं शिकवलं होतं, मग बोल्ट का चालत नाही दुसऱ्याचा? तेव्हापासून जमेल तसं वाचतोय. रणगाडे, विमानं, कोण जिंकलं कोण हरलं यात मला फारसा रस नाही, मला ती बंदूक बनवली कशी यातच रस, त्यामुळे ही पोस्ट तशीच असणार.

सुरुवात फ्रान्समध्ये. ओनोरे ब्लांक नावाचा माणूस, त्याने बंदुकीच्या चापाचे, म्हणजे ठिणगी पाडणारं जे यंत्र असतं त्याचे, सुटे भाग असे बनवले की ढिगातून कुठलाही उचला आणि जोडा. थॉमस जेफरसन तेव्हा पॅरिसमध्ये अमेरिकेचा राजदूत होता, त्याने १७८५ मध्ये स्वतःच्या हाताने असे चाप जोडून बघितले आणि घरी पत्र लिहून कळवलं की असं असं इथे चाललंय. फ्रान्समध्ये ते फार पुढे गेलं नाही, क्रांती झाली, कारागीरही खूश नव्हते, कारण मग त्यांची गरज काय उरली.

अमेरिकेत याचं श्रेय सरसकट एली व्हिटनीला देतात, तोच तो कापूस पिंजायच्या मशीनवाला. १७९८ मध्ये त्याने सरकारकडून दहा हजार बंदुकांचं कंत्राट घेतलं, दोन वर्षांत देतो म्हणाला, आणि शेवटची खेप दिली १८०९ मध्ये. (आमच्या व्हेंडरांची आठवण आली ना?) मध्ये १८०१ ला वॉशिंग्टनला जाऊन मोठमोठ्या लोकांपुढे भाग मिसळून जोडून दाखवायचा प्रयोगही केला, सगळे गार. पण त्याच्या ज्या बंदुका आज शिल्लक आहेत त्या उघडल्या तर आतल्या भागांवर वेगवेगळ्या खुणा केलेल्या सापडतात, म्हणजे कुठला कुठे जायचा ते ठरलेलं होतं, कानस मारून बसवलेले. ऑडिटच्या दिवशी निवडून ठेवलेले पीस दाखवणं हा धंदा इतका जुना आहे हे वाचून मला बरं वाटलं.

खरं काम केलं जॉन हॉल नावाच्या माणसाने, त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही. हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात बसून त्याने मागून भरायची रायफल बनवली, आणि तिच्यासाठी मशीन आणि गेजचा ढीग बनवला. मोजमाप सगळं एकाच ठरलेल्या जागेपासून घ्यायचं हे त्याने पाळलं. आम्ही याला डेटम म्हणतो. एका टोकापासून दुसरं, दुसऱ्यापासून तिसरं असं मापत गेलं की चूक साठत जाते, हे आजही नवीन पोराला पटवायला सहा महिने लागतात, हॉलला १८२० च्या दशकात कळलेलं होतं. पुढे सिमियन नॉर्थ याने शेकडो मैल लांब कनेटिकटमध्ये हॉलच्या रायफली बनवल्या आणि १८३४ च्या सुमारास दोन्ही कारखान्यांचे भाग एकमेकांना चालायला लागले. एका छपराखाली जुळणं वेगळं आणि दोन गावांत बनवून जुळणं वेगळं, ज्याने सप्लायर सांभाळलेत त्याला विचारा.

लाकडाचंही तसंच. बंदुकीचा दस्ता हा एकदम वाकडातिकडा आकार, लेथवर धरणार कसा? थॉमस ब्लँचार्डने १८१९ च्या सुमारास जे मशीन काढलं ते आपल्या चौकातल्या डुप्लिकेट चावी बनवणाऱ्या मशीनचं आजोबा म्हणा. एका बाजूला लोखंडी नमुना फिरतो, त्यावर एक चाक टेकून वरखाली होतं, आणि त्याच हालचालीने शेजारच्या लाकडावर कटर चालतो. नमुन्यासारखा दस्ता तयार. कुऱ्हाडीचे दांडे, चपलांचे साचे, सगळं पुढे याच पद्धतीने व्हायला लागलं.

इकडे इंग्रज मात्र अजून बर्मिंगहॅमच्या गल्ल्यांत अडकलेले. तिथे नळीवाला वेगळा, चापवाला वेगळा, दस्तेवाला वेगळा, पोरं टोपल्यात भाग घालून या गल्लीतून त्या गल्लीत नेणार आणि शेवटी एक कारागीर कानशीने घासून घासून सगळं एकत्र बसवणार. माल उत्तम, पण दोन बंदुका सारख्या नाहीत. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात व्हरमाँटच्या रॉबिन्स अँड लॉरेन्स कंपनीने सहा रायफली मांडल्या, कुठलाही भाग कुठल्याही रायफलीला चालणाऱ्या, आणि इंग्रजांचे डोळे उघडले. १८५४ मध्ये त्यांची समिती अमेरिकेत गेली, स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात. तिथे त्यांनी १८४४ ते १८५३ या दहा वर्षांतल्या, दर वर्षीची एक, अशा दहा बंदुका उचलल्या, सगळ्या खोलून भाग एकत्र मिसळले, आणि कामगाराला सांगितलं जोड. त्याने फक्त स्क्रू ड्रायव्हर घेऊन दहाच्या दहा जोडून दिल्या. कानस नाही, हातोडी नाही. दहा वर्षांच्या अंतराने बनलेले भाग! मी हा प्रसंग वाचला तेव्हा रात्री साडेअकराला बायकोला उठवून सांगितला होता, तिची प्रतिक्रिया इथे देत नाही.

समितीने मशीनची ऑर्डर दिली, शिवाय हार्पर्स फेरीचा जेम्स बर्टन नावाचा माणूसही उचलून आणला आणि लंडनजवळच्या एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात मुख्य इंजिनिअर म्हणून बसवला. तिथे १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल मशीनवर बनायला लागली. आपल्याकडे ही रायफल वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध, १८५७, चरबीची काडतुसं, बराकपूर, मंगल पांडे. ते सगळ्यांना माहीत आहे. कमी माहीत असलेली गोष्ट ही की बंड मोडल्यावर इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी मुद्दाम आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका काढल्या, वरून एनफिल्डसारख्याच दिसणाऱ्या पण नळीत गोळीला फिरकी देणारे आटे नाहीत, म्हणजे लांबचा नेम नको लागायला. आणि पुढे कितीतरी वर्षं हिंदी पलटणींना गोऱ्यांपेक्षा एक पिढी मागचं हत्यार द्यायचं हे धोरणच होतं. मुद्दाम वाईट बनवायचं असेल तरी ड्रॉइंग काढावं लागतं, टॉलरन्स, म्हणजे माप किती चुकलं तर चालेल ते, ठरवावा लागतो, कोणीतरी बसून ते केलं असेल.

आता थ्री नॉट थ्री. नावातला लीड एन्फिल्ड वगैरे घोळ आधी मिटवतो, ते ली-एनफिल्ड. ली म्हणजे जेम्स पॅरिस ली, जन्म स्कॉटलंडचा, वाढला कॅनडात, काम केलं अमेरिकेत. खाली डबीसारखं मॅगझिन आणि पटकन चालणारा बोल्ट ही त्याची करामत. १८८८ मध्ये इंग्रजांनी ती घेतली तेव्हा नळीतले आटे मेटफर्ड नावाच्या माणसाचे होते, उथळ आणि गोलसर, काळ्या दारूची काजळी साठू नये म्हणून. मग आली कॉर्डाइट, धूर न होणारी दारू, ती इतकी गरम की ते उथळ आटे भराभर झिजायला लागले. म्हणून एनफिल्ड कारखान्याने खोल, पाच आट्यांची नळी काढली, १८९५, आणि नाव पडलं ली-एनफिल्ड. थ्री नॉट थ्री म्हणजे नळीचा व्यास, ०.३०३ इंच, ७.७ मिलिमीटर.

बोअर युद्धात या रायफलींची एक गंमत झाली. दक्षिण आफ्रिकेत नवीन खेप पोचली आणि लक्षात आलं की पाचशे यार्डावर गोळी अठरा इंच उजवीकडे जातेय. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट, चुकीच्या जागी बसवलेली. हातकामाच्या जमान्यात दहा बंदुका दहा दिशांना चुकल्या असत्या, इथे सगळ्या एकाच दिशेला, एकाच मापाने चुकल्या! मास प्रॉडक्शनचा हा प्रसाद आम्हीही खाल्लाय, फिक्स्चरची एक पिन अर्धा मिलिमीटर सरकली होती आणि अख्खी शिफ्ट तसाच माल काढत बसली, सगळे पीस एकमेकांशी तंतोतंत जुळत होते, फक्त गाडीला बसत नव्हते.

त्यातून शिकून १९०० नंतर आखूड नळीची नवीन रायफल आली, १९०७ ला तिचा मार्क थ्री, आणि हीच ती आपल्या पोलिसांच्या खांद्यावर लहानपणापासून बघितलेली, नाकाड चपटं असलेली. दहा गोळ्या, पाच-पाचच्या दोन पट्ट्या वरून अंगठ्याने दाबून भरायच्या.

आणि आता बोल्टचं कोडं. बोल्टला मागे दोन कान असतात, बार उडाला की सगळा मागचा धक्का ते कान पेलतात. दोन्ही कान बॉडीला सारखे टेकले पाहिजेत, एकच टेकला तर सगळा भार एकावर. मशीनवर ते तेवढं अचूक होईना, म्हणून शेवटी फिटर घासून बसवायचा, त्या रायफलीचा तो बोल्ट. वर बोल्टचं डोकं वेगळं स्क्रूने बसणारं, त्याची लांबी अशी निवडायची की काडतुसाच्या मागच्या काठाला, म्हणजे रिमला, जागा नेमकी मिळावी. गेज कितीचं? गो ०.०६४ इंच, नोगो ०.०७४ इंच. म्हणजे सगळा खेळ पाव मिलिमीटरचा. जागा कमी तर बोल्ट बंद होत नाही, जास्त तर पितळी केस मागून फाटायची भीती. दुसऱ्या महायुद्धात नंबर फोर नावाचा पुढचा नमुना आला त्यात बोल्टची डोकी शून्य ते तीन अशा चार साइजमध्येच काढली, गेज लाव आणि बसेल ते घाल. मला हा उपाय फार आवडतो, अचूकता परवडत नसेल तर चार खाने करा.

माप पाळण्याचा अतिरेक केला तर काय होतं ते कॅनडाने बघितलं. त्यांची स्वतःची रॉस रायफल होती, सर चार्ल्स रॉसची, क्वेबेकच्या कारखान्यातली, नेमबाजीच्या स्पर्धेत सगळ्यांना पाणी पाजणारी. चेंबर एकदम टाइट. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या एप्रिलमध्ये, बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत ती चिखलात गेली, आणि तिला मिळालं इंग्रजांचं युद्धकाळात घाईघाईत काढलेलं, मापाला जरा सैल असलेलं दारूगोळ्याचं लॉट. ली-एनफिल्डचं चेंबर ऐसपैस, तिने ते गिळलं, रॉस अडकली. लोक बुटाने लाथा घालून बोल्ट उघडत होते. लढाईतून वाचलेल्या पाच हजार कॅनेडियन सैनिकांपैकी चौदाशेच्या वर लोकांनी आपली रॉस टाकून पडलेल्या इंग्रजांची ली-एनफिल्ड उचललेली होती. पुढच्या दीडेक वर्षात रॉस पलटणींकडून काढून घेतली, स्नायपर मात्र तिला सोडायला तयार नव्हते, कारण ते गोळ्या निवडून वापरायचे, रायफल पोराबाळासारखी पुसायचे. मी तरुणपणी रॉसच्या बाजूचा होतो. आता क्वालिटीत एवढी वर्षं काढल्यावर ली-एनफिल्डच्या बाजूचा झालोय, ड्रॉइंगवर पाच मायक्रॉन लिहिणाऱ्या डिझायनरला मी आधी विचारतो की हे धुळीत चालणारेय की एसीत.

गोळ्यांवरून आठवलं, आमचं पुणं यात आहेच की. खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ ची. जुन्या थ्री नॉट थ्रीच्या पितळी केसच्या बुडाला केएफ अशी अक्षरं दिसतात ती किरकी फॅक्टरी, इंग्रजांना खडकी म्हणता येत नव्हतं म्हणून किरकी. डीआय दिसलं तर कलकत्त्याकडचं डमडम. आणि पुढे ओएफव्ही म्हणजे आपलं भुसावळजवळचं वरणगाव, चौसष्ट सालचं. आमच्या जुन्या वाड्यात एक काका खडकीला होते, तिथल्या कामाबद्दल चकार शब्द बोलायचे नाहीत, पण घरात नवीन नळ बसवला तरी प्लंबरचं वॉशर कॅलिपरने मोजून घ्यायचे. प्लंबर पुढे पुढे आमच्या वाड्यातच यायचा बंद झाला.

रायफल मात्र इथली बंगालची, ईशापूरची. तिथे १७८७ पासून बंदुकीच्या दारूचा कारखाना होता, त्याच जागेवर १९०४ च्या सुमारास रायफल फॅक्टरी उभी राहिली. बराकपूरपासून हाकेच्या अंतरावर, म्हणजे जिथे एनफिल्डच्या काडतुसावरून ठिणगी पडली तिथेच शेजारी पन्नासेक वर्षांनी एनफिल्डच्या डिझाइनची रायफल बनायला लागली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंड-कॅनडा-अमेरिकेत नंबर फोर बनत होती तरी ईशापूर जुन्या मार्क थ्रीवरच राहिलं, जिग-फिक्स्चर-गेज सगळं तिचं होतं, युद्ध चालू असताना ते बदलायला कोणाला वेळ होता.

आणि इथे तो स्क्रू येतो. आमच्या डीपी रायफलीत लाकडातून एक चपट्या डोक्याचा स्क्रू आरपार गेलेला होता. इंग्लंडच्या रायफलींच्या फोटोत तो कधी दिसेना. मला वाटायचं डीपी करताना ठोकला असेल. नंतर कळलं की त्याला नावच ईशापूर स्क्रू आहे. मूळ रायफल विलायती अक्रोडाच्या लाकडाची, बार उडताना धातूचा सगळा धक्का लाकडाच्या दोन छोट्या खांद्यांवर येतो. आपलं लाकूड वेगळं, वर हवा अशी की जूनमध्ये फुगतं आणि मेमध्ये चिरतं. म्हणून ते आडवं आवळून धरायला स्क्रू. ऑस्ट्रेलियात लिथगोच्या कारखान्याला हाच त्रास झाला, त्यांचं लाकूड कोचवुड नावाचं, मऊ, त्यांनी आत तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. एकच ड्रॉइंग, तीन देश, आणि प्रत्येकाने आपापल्या झाडाशी केलेली तडजोड. मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जवळचा वाटतो तो हा स्क्रू, कारण तो ड्रॉइंग ऑफिसातून आलेला वाटत नाही, लाइनवरच्या कोणाच्या तरी डोक्यातून आलेला वाटतो.

बासष्टच्या युद्धात आपले जवान याच बोल्टच्या रायफली घेऊन वर गेले, समोर चिन्यांकडे आपोआप भरणाऱ्या. त्यानंतर ईशापूरने दोन गोष्टी एकदम केल्या. एक म्हणजे एफएएल या बेल्जियन रायफलीच्या वेगवेगळ्या देशांतल्या नमुन्यांवरून स्वतःची ड्रॉइंग्ज काढून वन ए वन नावाची एसएलआर, म्हणजे आपोआप भरणारी रायफल, काढली, जिचे सगळे भाग धड इंचवाल्या इंग्लिश रायफलीला चालत नाहीत आणि धड मेट्रिक बेल्जियनलाही नाहीत, म्हणजे फिरून मूळ प्रश्नावर. आणि दुसरं म्हणजे एसएलआर पुरेशा होईपर्यंत जुनीच थ्री नॉट थ्री जास्त चांगलं पोलाद घालून ७.६२ च्या नव्या काडतुसासाठी बनवली, टू ए आणि टू ए वन. जग मशीनगनसारख्या रायफलींकडे चाललेलं आणि आपण १९६० च्या दशकात नवीन बोल्टची रायफल डिझाइन करत होतो. यावर हसणारे खूप भेटतात. मी हसत नाही, हातात जी मशीन उभी आहेत त्यांच्यावर उद्या काय निघेल हा प्रश्न ज्याला सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये पडलाय त्यालाच ते कळेल.

सैन्यातून गेली तरी पोलिसांकडे ती राहिली. सव्वीस अकराला सीएसटीवर एके-४७ समोर आपल्या लोकांच्या हातात हीच होती, त्यावर तेव्हा खूप लिहून झालंय. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तिला निरोप दिला.

माझी तिची शेवटची गाठ त्याच्या बऱ्याच आधीची. गणपतीत विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडच्या तोंडाशी बंदोबस्ताला एक पोलीस उभे होते, खांद्याला थ्री नॉट थ्री. ढोलांचा आवाज, गर्दी, आणि मी मान वाकडी करून त्यांच्या रायफलीच्या पोटाकडे बघतोय. त्यांना अर्थातच ते आवडलं नाही.

"काय बघताय ओ?"

"काही नाही साहेब, तो स्क्रू आहे का बघत होतो."

त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा रायफलीकडे बघितलं.

"स्क्रू व्हय? सकाळपास्नं उभा हाय हितं, आता आमचाच ढिला झालाय. चला, पुढं सरका."

स्क्रू होता.